गाडी खाली घासते तेव्हा

आमच्या कॉलनीच्या तोंडाला एक स्पीडब्रेकर आहे. दीड वर्षापूर्वी एका मोटारसायकलवाल्यानं तिथं शाळकरी पोराला धडक दिली. पोराच्या हातावर निभावलं, आणि आठवड्याभरात हा ब्रेकर उभा राहिला, शेताच्या बांधासारखा. एकटा असलो तर माझी गाडी त्यावरून कशीबशी निघते. मागे तिघं बसली आणि डिकीत सामान असलं की पोटाखालून असा खरखराट होतो की समोरच्या गच्चीवर सांडगे घालणाऱ्या काकू हातातलं काम टाकून खाली डोकावतात. मग मी गाडी तिरकी काढायला शिकलो. आधी पुढचं डावं चाक चढवायचं, मग उजवं, मग मागची दोन्ही तशीच, श्वास रोखून. तरी भागलं नाही तर मागच्यांना उतरवायचं. गेल्या दिवाळीत सासरे असेच उतरले आणि ब्रेकर ओलांडून चालत येताना म्हणाले, "जावईबापू, गाडी आम्हाला न्हेती का आम्ही गाडीला?"

घरात यावर हसून झालं. मी मात्र तेव्हापासून त्या ब्रेकरचा आणि माझ्या गाडीचा एकत्र विचार करतो आहे.

गाडी म्हणजे मारुतीची सियाझ, मागे लांब डिकी असलेली बुटकी सेडान. २०१६ सालची, १.४ लिटर पेट्रोल, रंग राखाडी. एक लाख अठरा हजार किलोमीटर झाले. एवढ्या काळात दोन बॅटऱ्या, टायरचे दोन सेट, एकदा क्लच प्लेट, एकदा पुढचे बुश आणि लिंक रॉड. वायपरची रबरं किती बदलली ते आठवत नाही. रस्त्यात बंद पडली ती एकदाच, आणि तेव्हाही चूक माझीच. गगनबावड्याला धुक्यात थांबलो आणि दिवे चालू ठेवून तासभर भजी खात बसलो. कोल्हापूर-पुणे हा साधारण दोनशे तीस किलोमीटरचा रस्ता, सहापदरीकरणाच्या वळणावळणाच्या डायव्हर्जनसकट, या गाडीनं किती वेळा केला याची मोजदाद मी सोडून दिली आहे. किणी नाका गेला, तासवडे गेला, साताऱ्यात चहा झाला. गाडीबद्दल सांगावं असं वाटेत काही घडलंच नाही.

उद्यमनगरातले माझे मिस्त्री तिच्यावर नाराज असतात. "सर, तुमची गाडी म्हंजे पोस्टातला कारकून. टायमात येती, टायमात जाती, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. असल्याच सगळ्या गाड्या आल्या तर आमची चूल पेटायची न्हाई."

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांची कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, आमच्याकडून जातात. या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते. चांगल्या कास्टिंगबद्दल कधी फोन येत नाही. ब्लोहोल म्हणजे आत हवेचं भोक निघालं, साच्यातला कोअर सरकला, वाळू अडकली, की सकाळी सात वाजता गिऱ्हाईक फोनवर असतं. हजार नग बिनतक्रार गेले तर महिनाभर कुणाला आपण आठवतसुद्धा नाही, आणि त्या महिन्याला आम्ही चांगला महिना म्हणतो. माझ्या गाडीला लोक कंटाळवाणी म्हणतात तेव्हा मला राग येत नाही. माझ्या खात्यात ती शाबासकी आहे. सिलिंडर ब्लॉकमध्ये थरार असावा असं मला आजवर कुणी ड्रॉइंगवर लिहून दिलेलं नाही.

ही गाडी आता मिळत नाही. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली सियाझ २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद झाली. एकटीच गेली असंही नाही. सिव्हिक गेली, कोरोला गेली, यारिस आली आणि तीन वर्षांत परत गेली, व्हेंटो आणि रॅपिडनी जागा सोडली. सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस अशी मोजकी नावं मधल्या आकाराच्या सेडानमध्ये टिकून आहेत. १९९८ साली सिटी पहिल्यांदा भारतात आली तेव्हा डॉक्टर, वकील आणि साखर कारखान्याचा एमडी यांची ती गाडी होती. आज डॉक्टर, वकील आणि एमडी तिघंही उंच गाडीत बसतात. वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या हिशेबात २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश युटिलिटी गटातली, म्हणजे एसयूव्ही आणि त्यांची भावंडं होती.

ज्याला जे आवडतं ते तो घेतो, यात लेख लिहिण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. माझं मत बदललं ते या ब्रेकरपाशी.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं स्पीडब्रेकरचं मानक आहे. ताशी पंचवीस किलोमीटरनं वाहन सुखरूप जावं असं धरून आखलेल्या गोलाकार ब्रेकरची उंची १० सेंटीमीटर आणि गाडी जाते त्या दिशेनं रुंदी ३.७ मीटर असावी, असं ते सांगतं. म्हणजे एखाद्या खोलीएवढा रुंद, अंगावर न येणारा उंचवटा. एका रविवारी मी फाउंड्रीतली स्टीलची पट्टी आणि टेप घेऊन आमचा ब्रेकर मोजला. उंची १५ सेंटीमीटर. रुंदी अर्धा मीटर. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. आमच्या खात्यात असला नग आला असता तर त्यावर लाल रंग मारून तो परत भट्टीत गेला असता.

आता गाडीचं माप. सियाझचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते, कागदावर १७० मिलिमीटर आहे. आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त दिसणारी उंच गाडी म्हणजे क्रेटा, तिचा १९०. फरक दोन सेंटीमीटरचा, अंगठ्याच्या रुंदीएवढा. पण माणसं बसली, डिकी भरली, की दोन्ही गाड्या तीन-एक सेंटीमीटर खाली बसतात. माझी चौदावर येते आणि घासते. शेजाऱ्यांची सोळावर राहते आणि निघून जाते. पंधरा सेंटीमीटरचा ब्रेकर बरोबर या दोहोंच्या मधे आहे.

तो खाली आणावा, मानकाप्रमाणे करावा, असा अर्ज मी लिहिला आणि सह्या घ्यायला निघालो. कॉलनीत चव्वेचाळीस घरं. पहिल्या संध्याकाळीच मला कळलं की सही मिळेल की नाही हे दारात कोणती गाडी उभी आहे यावरून ओळखता येतं. स्कूटरवाल्यांनी सह्या केल्या. जुन्या अल्टोवाल्यानं केली. रिक्षावाल्या दादांनी सही तर केलीच, वर चहा पाजला, कारण त्यांची पोटुशी सून त्याच ब्रेकरवरून तपासणीला जाते. उंच गाडी असलेल्या घरांतून मात्र एकच उत्तर आलं, वेगवेगळ्या शब्दांत आणि अगदी प्रेमानं: आम्हाला तसा काही त्रास नाही हो. एका सद्गृहस्थांनी मला खांद्यावर हात ठेवून सल्ला दिला, "सर, अर्ज कशाला करताय, गाडी बदला की. किती दिवस वापरणार हिला?"

मला या वाक्यानं घेरलं आहे. रस्त्यावरचा दोष हा गाडीचा दोष झाला, आणि दुरुस्त कुणाला व्हायचं तर मला. ज्या घरांचं म्हणणं नीट ऐकलं जातं, ज्यांना कुणाला फोन करावा हे ठाऊक असतं, नेमकी तीच घरं दहा-पंधरा लाख खर्चून खड्ड्याच्या वर गेली आहेत. खड्डा तिथंच आहे, फक्त त्यांना तो लागत नाही. तो ज्यांना लागतो ते स्कूटरवर असतात किंवा केएमटी बसच्या मागच्या सीटवर, आणि त्यांच्या तक्रारीला वजन किती, ते आपण जाणतो. त्यात आपल्या कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये संपली, आणि पुढची पाच वर्षं गल्लीतल्या माणसाला दार ठोठवायला नगरसेवकच नव्हता. अशा काळात तक्रार करणारा प्रत्येक माणूस मोलाचा. आपण त्यातले निम्मे शोरूममध्ये पाठवून दिले.

आणि हे कोल्हापुरात व्हावं? याच गावानं रस्त्यांसाठी काय केलं होतं ते आठवा. शहरांतर्गत रस्ते खासगी कंत्राटात झाले आणि टोलनाके उभे राहिले, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयानं थकलेली, मनानं न थकलेली माणसं रस्त्यावर उतरली. सगळे पक्ष, तालमी, रिक्षा संघटना, महिला मंडळं, सगळे त्यात होते. मोर्चात टोपीवाला, लुंगीवाला, सुटाबुटातला असे सगळे एका ओळीत चालताना मी पाहिले आहेत. वर्षानुवर्षं ते चाललं आणि २०१५ संपता संपता टोल गेला. तेव्हा कुणी असं म्हटलं नाही की मला टोल परवडतो, तुम्ही बघा तुमचं. रस्ता सगळ्यांचा आहे, हे कुणी कुणाला शिकवायची गरज पडली नव्हती. दहा वर्षांत आम्ही त्यातून ग्राउंड क्लिअरन्सवर आलो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर माझेच मिस्त्री मला धरतील. उंच गाड्यांमुळे रस्ते उखडतात असं मी म्हणत नाही. मोटारीच्या वजनानं डांबराला फारसं काही होत नाही. डांबराचे वैरी दोन, साचलेलं पाणी आणि अवजड धुरा. आपल्याकडे दोन्ही भरपूर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी गटार सोडून रस्त्यावरून वाहतं, आणि दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, टपावर स्पीकर लावलेले उसाचे ट्रॅक्टर त्याच भिजून पोखरलेल्या रस्त्यावरून डुलत जातात. माझा आक्षेप उंच गाडीच्या चाकांवर नाही. ती घेतल्यावर मालकाच्या तोंडाला जे कुलूप लागतं, त्यावर आहे.

पुराचं कारण सांगणारेही भेटतात. २०१९ चा ऑगस्ट कुणी विसरलेलं नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा ते ५५ फुटांपलीकडे गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला आणि आमची फाउंड्रीची पाळी घरात बसून राहिली. तेव्हा पुलापाशी उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या रांगेत सेडान होत्या, एसयूव्ही होत्या, ट्रकही होते. रस्त्यावर छातीएवढं पाणी असताना दोन सेंटीमीटर कुणाच्या कामाचे? उलट उंच गाडीवाल्याला वाटतं आपण काढू, तो पाण्यात घालतो, एअर फिल्टरमधून पाणी इंजिनात शिरतं, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्या महिन्यात आमच्या मिस्त्रींची चूल छान पेटली होती.

खेड्याचा प्रश्न वेगळा. शाहूवाडीत किंवा भुदरगडात ज्याचं शेत आहे, पावसाळ्यात ज्याला पाणंदीतून गाडी न्यायची आहे, त्यानं बोलेरो घ्यावी, डोळे झाकून घ्यावी. तो गाडी कामासाठी घेतो. मी बोलतोय ते ताराबाई पार्क ते राजारामपुरी आणि फार तर रविवारी ज्योतिबा, एवढंच गाडीचं जग असणाऱ्यांबद्दल.

एका मुद्द्यापुढे मात्र मी हात टेकतो. माझ्या आईचे गुडघे. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे, आणि सेडानमध्ये बसणं म्हणजे तिच्यासाठी पाटावर बसणं आहे. आधी पाठमोरी होऊन बूड टेकायचं, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. उतरताना दाराच्या वरच्या पट्टीला धरून ती "अंबाबाई" म्हणते आणि उठते. माझ्या भावाच्या उंच गाडीत ती खुर्चीवर बसावं तशी बसते. सीटवर मी चार इंचांची उशी ठेवली आहे, तिनं थोडं सुसह्य झालं, पण खरं सांगायचं तर तिला भावाची गाडी आवडते आणि ती तसं बोलूनही दाखवते. ज्यांच्या घरात असे गुडघे आहेत त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. फक्त एक पाहिलंय. उंच गाडी घेताना आईचे गुडघे हे कारण सगळेच सांगतात, आणि गाडी आली की चालकाच्या शेजारच्या सीटवर मित्र असतो.

आता सरकार या सगळ्यात कुठे आहे ते बघू, कारण लोकांची आवड आभाळातून पडत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० पर्यंत. हेतू वाईट नव्हता. पण त्या चार मीटरच्या रेघेनं पुढची वीस वर्षं आपल्या गाड्यांचा आकार ठरवला. सेडानची ओळख म्हणजे तिची डिकी, ती लांबीत मोजली जाते. मग डिक्या छाटल्या गेल्या. २००८ ला इंडिगोची आखूड आवृत्ती आली, २०१२ ला डिझायर कापून चार मीटरच्या आत बसवली गेली. मागून पाहिलं तर दप्तर अर्धं भरून चेन लावल्यासारखं दिसायचं. लांबीवर बंधन आहे, उंचीवर नाही, हे कंपन्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. गाडी वर वाढू लागली.

२०२५ च्या २२ सप्टेंबरपासून नवे जीएसटीचे दर आले. रेघ तीच राहिली. चार मीटर आणि ठरलेल्या सीसीच्या आतल्या गाडीला १८ टक्के, बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. माझी गाडी आज नवी मिळत असती तर ती साडेचार मीटर लांब आणि १.४ लिटर म्हणून ४० टक्क्यांत गेली असती. वजनाला ती हजार किलोंच्या जरा वर आहे. तिच्यापेक्षा जड, तिच्यापेक्षा उंच, पण चार मीटरच्या आत कोंबलेली गाडी १८ टक्क्यांत बसते. जे रस्त्यावरच्या इतरांना बाधतं, म्हणजे वजन आणि बॉनेटची उंची, त्याचा या हिशेबात कुठं उल्लेखच नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये जवळजवळ अठरा हजार अपघात तपासले. बॉनेटची कड सुमारे एक मीटरच्या वर असलेल्या गाडीनं पादचाऱ्याला ठोकरलं तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त, असं त्यात निघालं. तिकडच्या गाड्या अवाढव्य असतात, तेव्हा तो आकडा इथं जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. पण महाद्वार रोडवर शुक्रवारी संध्याकाळी पायी चालून बघा. दर्शनाला आलेली आजी, तिच्या हाताला धरलेली नात, आणि नातीच्या डोक्याच्या वर असलेलं गाडीचं नाक. चालकाला ती नात दिसत नाही. सेडानमधून दिसते.

फ्रान्समध्ये गाडीच्या वजनावर कर आहे. पॅरिसनं २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांना विचारून जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग करायचं ठरवलं. मतदानाला फार थोडे लोक आले, पण आलेल्यांतल्या बहुमतानं होकार दिला. आपण पॅरिस नाही. पण लक्ष्मीपुरीत पार्किंगला जागा नाही हे कुणी नाकारणार नाही, आणि तिथं आठवड्याचा बाजार करून आलेली टीव्हीएस आणि दोन टन वजनाची गाडी यांत कुणाला किती जागा, याचा विचार करायला पॅरिसला जावं लागत नाही.

राहता राहिला रुबाब. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण कोल्हापुरात रुबाबाला मुद्दा म्हणायची पद्धत आहे. माझा भाचा सत्तावीस वर्षांचा, गोकुळ शिरगावात नोकरी, नुकतीच काळी उंच गाडी घेतली, सात वर्षांच्या हप्त्यावर. मला म्हणाला, "मामा, तुझ्या गाडीकडं कोण वळून बघतंय का? गाडी कशी पायजे, चौकात हुबारली की लोकांनी बाजूला व्हायला पायजे." मी त्याला हप्ता विचारला. त्यानं सांगितला. त्याच्या पगाराचा तो तिसरा हिस्सा होता. नाकापेक्षा मोती जड, असं मी म्हणालो नाही, कारण तो ताईचा मुलगा आहे आणि ताई चहा घेऊन आली होती.

पण भाच्याला एक सांगावंसं वाटलं. या गावात लोक खरंच वळून बघतात ती गाडी वेगळीच आहे, जुनी आणि लांब. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक. दसऱ्याला ती दसरा चौकात येते आणि लोक पोरांना खांद्यावर घेऊन दाखवतात. तिला शड्डू ठोकावा लागत नाही. हल्लीच्या उंच गाड्यांचा सगळा चेहराच शड्डू ठोकल्यासारखा केलेला असतो, दात दाखवणारी जाळी, वटारलेले दिवे. आत बसलेला माणूस बहुतेक वेळा दूध आणायला निघालेला असतो.

उंचीची गंमत अशी की ती दुसऱ्याच्या तुलनेतच असते. उंच बसलं की रस्ता दिसतो, हे खरं. पुढची गाडी उंच असली की माझ्या सेडानमधून फक्त तिची स्टेपनी दिसते, हेही खरं. रात्री मागून येणाऱ्या उंच गाडीचे दिवे थेट माझ्या आरशात येतात, तेव्हा मलाही वाटतं, घ्यावी एक. पण मी घेतली की माझ्या मागच्याला माझी स्टेपनी दिसणार. सगळे उंच झाले की कुणालाच जास्त दिसणार नाही. पैसे, वजन आणि पेट्रोल तेवढं सगळ्यांचं जास्त जाईल.

खासबाग मैदानात मी लहानपणापासून कुस्त्या बघत आलोय. शाहू महाराजांनी १९१२ साली ते बांधून घेतलं. मधे हौदा, आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक, परातीसारखी. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही बसल्या जागी पैलवानाचा पट काढलेला दिसतो. पुढच्यानं उभं राहायचं कारणच उरत नाही. चुकून कुणी उठला तर मागून आवाज येतो, "ए उंट, खाली बस!" आणि तो बसतो. जत्रेतल्या सपाट मैदानावरच्या कुस्त्या आठवा. तिथं पहिली ओळ उभी राहते, मग दुसरी, मग मागचे खुर्चीवर चढतात, मग ट्रॅक्टरवर. कुस्ती जिथल्या तिथं, माणसं फक्त उंच होत जातात. रस्ता बांधणाऱ्यानं आपलं काम नीट केलं तर खुर्चीवर चढायची पाळी येत नाही, एवढंच मला दिसतं. ब्रेकर मानकाप्रमाणे करा, चर खणलात तर रस्त्याच्या पातळीला बुजवा, पाण्याला गटाराचा रस्ता दाखवा, कर लावायचा तर वजनावर लावा. मग बघू किती जणांना उंच गाडी खरंच हवी होती. काहींना हवी असेलच. आईला हवी आहे.

अर्जावर शेवटी सव्वीस सह्या झाल्या. त्यात ताईची आहे. भाच्याची नाही, पण त्या दिवशी अर्ज त्यानंच टाइप करून दिला आणि माझ्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही काढल्या. सोबत मी ब्रेकरचा छेद काढून जोडला, आमच्या खात्यात काढतो तसा, मापं आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, यांसकट. अर्ज घेणाऱ्या बाईंनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कशाचं मशीन आहे?" मी सांगितलं. त्या हसल्या, शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाल्या, त्यांच्या गल्लीत याहून मोठा आहे.

पोच डॅशबोर्डच्या खणात आहे, पीयूसीच्या कागदाशेजारी. ब्रेकर अजून आहे तसाच आहे. काल आईला दवाखान्यात नेताना तिरकी काढली. उजवं मागचं चाक उतरताना थोडी घासली, आणि काकूंनी गच्चीवरून हात केला.